आबांचं हॉटेल

आबा, तुमच्या त्या मद्रासच्या हॉटेलात मी उतरले आहे. एकतिसावा मजला. जुनी इमारत पाडून त्याच जागेवर ही नवी उभी केली म्हणे, पण नाव तेच आहे, आणि समुद्रही तुम्ही सांगायचात तिथंच आहे. सकाळ आहे. खिडकी म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत एकच काच, आणि तिच्या पलीकडे धुकं म्हणावं की समुद्राची वाफ म्हणावी असं काहीतरी पांढरं पसरलंय. त्यात सगळं शहर बुडालंय. मधूनच एखाद्या देवळाचं शिखर वर येतं, पुन्हा आत जातं. घारी माझ्या खालून उडतायत. जन्मभर घारींची पोटं बघितली, पाठ आज पहिल्यांदा बघते आहे. विटलेल्या लुगड्यासारखा तपकिरी रंग असतो त्यांच्या पाठीचा. तासभर झाला, खुर्ची ओढून मी नुसती बसले आहे, आणि आपण जमिनीवर नाही हे मनाला सारखं सांगावं लागतंय.

इथं आवाज कसा तो नाही. गालिच्यावर पाऊल टाकलं की ते कुणीतरी अलगद झेलून घेतल्यासारखं वाटतं. पलंग एवढा मोठा की आपल्या गावच्या घरात तो ठेवला असता तर आपण सगळी बाहेर अंगणात. उशा कसल्या हव्यात याची छापील यादी आहे, पिसांची, कापसाची, मानेची, अमक्याची तमक्याची. मी म्हटलं, बाबांनो, डोकं एकच आहे. काल दुपारी एक मुलगी खोली झाडायला आली, तर तिच्या हातात झाडू नाही, गुरगुरणारं यंत्र. ते धूळ गिळत चाललं आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "ही धूळ कुठं नेता?" तिला मराठी कुठलं कळायला. ती गोड हसली आणि मला आणखी दोन साबण देऊन गेली. गलाईवाल्याच्या पोरीला धूळ फुकट गेलेली बघवत नाही, हे तिला कसं सांगणार होते?

तुमची नात मला इथं घेऊन आली. तुमच्या माघारी जन्मलेली, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. पुण्यात एका कंपनीत मोठ्या कामावर आहे, त्या कामासाठी चार दिवस मद्रासला यायचं होतं. सांगलीला फोन करून म्हणाली, "आई, तू पण चल. त्याच हॉटेलात राहू. आजोबांची थाप खरी करू या." फोनवर ती हसत होती. मीही हसले. मग फोन ठेवला आणि विश्रामबागच्या माझ्या स्वयंपाकघरात कणकेचे हात तसेच घेऊन बराच वेळ उभी राहिले. यायचं नाही असं मनात दहा वेळा ठरवलं आणि आले. आले कारण इथं तिला एकदाचं खरं सांगून टाकू असं वाटलं. घरी जमत नव्हतं, परक्या ठिकाणी जमेल, असा माझा हिशोब.

खरं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा ओळीनं लिहून बघायचंय. त्या वर्षी मी चौथीत होते. गावातल्या निम्म्या घरांतले बाप्ये तेव्हा परमुलखात गलाईच्या धंद्यात असायचे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची, सोनारांच्या दुकानातली धूळ, राख, झाडलेला केर घेऊन त्यातलं सोनं काढायचं. तुम्ही मद्रासला सोनारपेठेच्या एका बोळात होतात. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, यायचात. आलात की पहिले दोन दिवस तुमच्या अंगाला भट्टीचा वास यायचा आणि हातांवरच्या जुन्या डागांवर मी बोट ठेवून हा कधीचा, हा कधीचा, असं विचारायची. गावी आल्यावरसुद्धा तुम्ही घमेल्यात हात धुवायचात आणि ते पाणी फेकायच्या आधी खाली काय बसलंय ते वाकून बघायचात. आई म्हणायची, "आवं, हितं सोनं न्हाई, नुसती माती हाय." तुम्ही ओशाळून पाणी तुळशीला घालायचात.

त्या वर्षी तुम्ही आलात तो प्रसंग मला असा दिसतो की जणू आत्ता याच काचेवर चाललाय. चुलीपुढं तुम्ही बसला आहात, ताटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आई वाकून फुंकणीनं जाळ फुंकते आहे, आणि मी तुमच्या मांडीला टेकून बसले आहे. तुम्ही सांगताय. मद्रासला समुद्राच्या कडेला एक हॉटेल आहे, वर बघितलं तर टोपी पडेल एवढं उंच. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातले पडदे बदलायचे होते. जुने पडदे खऱ्या जरीच्या काठांचे. ते जाळले की राखेतून चांदी निघते, म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही गोणी घेऊन मागच्या दारानं गेलात. पडदे उतरवले, आणि उतरवताना जुन्या जरीचे तुकडे झडून खाली पडले, म्हणून तुम्ही तिथल्याच माणसाकडून झाडणी मागून घेतली आणि तो सगळा दिवाणखाना कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढला, कण अन् कण गोणीत भरायला. "त्येंला वाटलं, किती भला माणूस! फुकाट झाडतोय!" तुम्ही हसत होतात. "लय खूश झाले. मला चा पाजला, चिनी मातीच्या कपातनं." मग म्हणालात, "आन् तितनं समुद्र बघितला गं. वरनं बघितला की त्यो हलतच न्हाई. नुसता चकाकतो." आईनं फुंकणी बाजूला ठेवली होती. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता.

एवढंच तुम्ही सांगितलंत. त्यात तसूभरही खोटं नव्हतं. खोटं माझं. शाळेत मैत्रिणींना सांगताना गोणी मी वाटेतच टाकून दिली. मागचं दार पुढं आणलं. झाडणीचं तर नावच काढलं नाही. आमचे आबा त्या हॉटेलात चार दिवस राहिले, मऊ गादीवर झोपले, त्यांना चिनी मातीच्या कपातून चहा आणून देत होते, असं मी सांगितलं. सांगता सांगता मलाच ते दिसायला लागलं. पांढऱ्या पलंगावर तुम्ही, डोक्याखाली उशी, आणि खिडकीत न हलणारा समुद्र. किती छान दिसत होतात तुम्ही त्यात! मला वाटलं, यात वाईट काय आहे?

मग जत्रेचा दिवस. पालखी गावातून फिरून देवळात आलेली, मांडवात गलाईवाल्यांचा घोळका चहा पीत बसलेला, दिल्लीचे, कलकत्त्याचे, केरळातले. तुम्ही मध्ये. तुमच्या बोळातच शेजारी भट्टी असलेले काका होते, त्यांची पोरगी माझ्या वर्गात. ती पळत गेली आणि बापाच्या गळ्यात पडून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादा, हिचं आबा मद्रासच्या हाटेलात चार दिस राहिलं हुतं, खरं का?" काका एवढे हसले की हातातला चहा सांडला. "कोण? ह्यो? आरं, ह्यो तर मागल्या दारानं गेलता, गोणी घिऊन! पडदं आणाया!" सगळे हसायला लागले. काका वाईट नव्हते, त्यांना नुसती गंमत वाटली होती. ते माझ्याकडे वळले, "तुला कुणी सांगितलं गं, राहिला म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या वर्गातल्या चार पोरी उभ्या होत्या. कान गरम झालेले आठवतात. मी म्हणाले, "आबांनीच सांगितलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. सोनं कसोटीला घासल्यावर तुम्ही त्या रेघेकडे जसे बघायचात, तसे. मग काकांकडे वळून म्हणालात, "व्हय रं. म्याच सांगितलं. पोरीला जरा वाढवून सांगितलं. हसा आता." आणि ते मनसोक्त हसले. तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून तुम्ही गावात 'हॉटेलवालं' झालात.

लहान होते, पण एवढी लहान नव्हते की मला कळू नये. तुमच्या धंद्यात सोनार पावती मागत नसत. माणूस बघायचे, त्याचा शब्द बघायचे आणि सोनं हातात द्यायचे. बोळात तुमचं नाव त्यावरच होतं, गावातही. भावकीत वाटणीवरून तंटा झाला की तुम्ही जत्रेला येईपर्यंत तो राखून ठेवायचे. आबा येऊ देत, मग बसू, असं म्हणायचे. पुढच्या वर्षी असेच बसले होते. बांध पूर्वी कुठं होता ते तुम्ही सांगत होतात, आणि कुणीतरी मागून बोललं, "हाटेलातल्यागत न्हाई न्हवं हे?" हशा झाला. तुम्ही बोलणं पुरं केलंत, उठलात, घरी आलात. त्याच्या पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा अंगात कसकस आहे असं सांगून पाठवलंत. कसकस नव्हती, तुम्ही अंगणात बसून माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतात. आईनं मला हे सगळं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती तुमच्यावरच चिडली होती. "कशाला मारायच्या थापा लेकरापुढं?" म्हणाली. म्हणजे तुम्ही तिलाही खरं सांगितलं नव्हतं. ती त्या दिवशी चुलीपुढंच होती, तिनं सगळं ऐकलं होतं, पण सगळ्या गावानं एक म्हटल्यावर तिलाही वाटायला लागलं की आपणच काहीतरी विसरलो.

जत्रेनंतर तुम्ही परत निघालात तेव्हा विट्याच्या स्टँडपर्यंत मी आले होते. तुमची पिशवी माझ्याकडे होती. तुम्ही शिव्या घालाल, निदान एक धपाटा तरी, म्हणून मी वाटभर खांदे आवळून चालत होते. मिरजेच्या गाडीला वेळ होता. तुम्ही मला उसाचा रस पाजलात. मग खाली बसून, माझ्या तोंडाकडे बघत विचारलंत, "मी मागल्या दारानं गेलो, ह्याची लाज वाटली व्हय गं तुला?" मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. तुम्ही म्हणालात, "लाज वाटावी असं काय न्हाई त्यात, बाई. काम हुतं. चांगलं काम हुतं." तेवढ्यात गाडी लागली. खिडकीतून तुम्ही हात बाहेर काढलात आणि मी पिशवी वर दिली. या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला तेव्हा दिलं नाही, आज देते. हो, वाटली. मला फार लाज वाटली होती आबा, आणि त्या लाजेची लाज मला अजून वाटते.

पुढं किती वेळ होता! तुम्ही धंदा सोडून गावी आलात, मी सांगलीत शिक्षिका झाले, पोरांना खरं बोला म्हणून शिकवायला लागले, आणि त्यांची एखादी थाप पकडली की बोटांवर दोन पट्ट्या मारायलाही कमी केलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारात आठ दिवस तुमच्या उशाशी होते. शुद्धीत होतात तुम्ही, गप्पा मारत होतात. मी तुम्हाला मोसंबी सोलून दिली आणि पाऊसपाण्याचं बोलले. मग तुम्ही गेलात, आणि मला वाटलं, आता हे तुमच्याबरोबर मिटलं. पण लेक झाली, गोष्ट सांग म्हणून मागं लागायची, आणि एका दुपारी तिला झोपवताना माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या आजोबांनी एकदा एक थाप मारली होती." ती खदखदून हसली. तिला ते आजोबा इतके आवडले! मग तीच गोष्ट रोज. खरी सांगायची तर त्यात खोटारडं कुणीतरी दुसरं घालावं लागलं असतं, आणि ते माणूस तिच्या शेजारीच आडवं झालेलं होतं.

आता कालचं. तुमच्या शेजारच्या भट्टीचे ते काका अजून आहेत. इथंच स्थायिक झाले, लेकरंबाळं इथलीच. तुमच्या नातीनं कुठून कुठून विचारून त्यांचा नंबर मिळवला आणि त्यांना दुपारच्या चहाला हॉटेलात बोलावलं. मला म्हणाली, "त्यांच्या तोंडून आजोबांची गोष्ट ऐकायची मला, फोनमध्ये घेऊन ठेवायची." काका आले. नेसायला इथल्यासारखी पांढरी वेष्टी, डोक्यावर मात्र आपली टोपी. पुढच्या दारातून आले, दरवानानं सलाम ठोकला, आणि काकांनी गालिचा बघून चपला दारातच काढल्या. तो बिचारा चपला हातात घेऊन लिफ्टपर्यंत त्यांच्या मागून पळत आला. आम्ही वरच्या मजल्यावर काचेपाशी बसलो. खाली समुद्र चकाकत होता. खरंच हलत नव्हता आबा. काकांनी चहा बशीत ओतला, वेटरला तमिळमध्ये काहीतरी सुनावलं आणि आम्हाला सांगितलं, "लय पांचट करत्यात ह्ये."

मग ते तुमच्याबद्दल बोलायला लागले. तुमच्या भट्टीचं, तुमच्या हाताचं, तुम्ही बोळात कुणाच्या पोराला कसं दवाखान्यात नेलं त्याचं. लेकीनं फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा ठेवला होता. बोलता बोलता काका थांबले, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "एक इचारू का पोरी? किती वरसं झाली, माझ्या डोक्यातनं जात न्हाई. तवा मांडवात म्या त्येची लय टिंगल केली. पर नंतर मला कवा पटलंच न्हाई बग. ह्यो माणूस गुंजभर सोनं इकडचं तिकडं सांगायचा न्हाई, त्यो पोरीला कशाला आसलं सांगंल? त्येनं खरंच सांगितलं हुतं का गं तुला, हाटेलात राहिलो म्हणून?"

यापेक्षा सरळ कुणी मला कधीच विचारणार नव्हतं. माझ्या ओठांवर आलं होतं, तुम्हाला शपथेवर सांगते. आणि मी लेकीकडे पाहिलं. ती पुढं वाकून, हनुवटीखाली हात घेऊन, आता आईही गोष्टीत भर घालणार म्हणून कौतुकानं बघत होती. मी म्हणाले, "काय की काका. मी खूप लहान होते. मला आठवत नाही."

काकांनी मान हलवली. "म्हंजे सांगितलंच आसंल त्येनं," ते म्हणाले. "आसू दे. बाप माणूस, सांगत्यात लेकरास्नी." आणि त्यांनी बशी उचलली. लेक हसली. इतकी वर्षं या जगात एक माणूस असा होता ज्याला तुम्ही थाप माराल हे पटत नव्हतं. काल या काचेपाशी, गार हवेत बसून, मी त्यालाही ते पटवून दिलं.

लेक तिच्या कामाला गेली आहे, जेवायला वर येईल. ही पानं तिच्या उशीवर ठेवावीत असं लिहायला बसताना मनात होतं. आता लिहून झाल्यावर ती घडी करून माझ्या पर्समध्ये, औषधांच्या पाकिटाखाली घातली तरी तिला कळणार नाही, आणि मी तेच करणार हे मला माहीत आहे. धुकं विरत चाललंय. रस्ते दिसायला लागलेत, त्यावरून मुंगीएवढी माणसं निघाली आहेत. मला आठवत नाही, असं मी काल म्हणाले. आबा, त्या दिवशी मांडवात तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि आईनं तिथं टाचणी लावून दिली होती, हेसुद्धा मला आठवतं.